वॉल्ट डिस्ने फॅमिली म्युझियम, सॅन फ्रान्सिस्को: जाण्याआधी वाचा

प्रेसिडिओ या शहरातल्या जुन्या लष्करी तळावरच्या लाल विटांच्या जुन्या लष्करी बराकीत हे म्युझियम २००९ साली सुरू झालं. ते उभं केलं वॉल्टची मुलगी डायान डिस्ने मिलर हिने. भारतातून आलेले आई-वडील आणि मुलं यांना घेऊन जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: इथे डिस्नेलँडसारख्या राइड नाहीत. वाचायला आणि पडद्यांवर बघायला भरपूर आहे. अगदी लहान पोरं लवकर कंटाळतात; मोठ्यांनी मात्र निदान तीन तास काढावेत.

दालनं कालक्रमाने लागतात. सुरुवातीच्या दालनांतून पुढे पळू नका, खरा उद्योजक तिथेच कळतो. कॅन्सस सिटीतली त्याची लाफ-ओ-ग्राम ही कार्टून कंपनी १९२३ साली बुडाली. १९२८ साली त्याचं ऑस्वाल्ड ससा हे कार्टून पात्र हातचं गेलं, कारण पात्राचे हक्क युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीकडे होते. वितरक चार्ल्स मिंट्झने बहुतेक चित्रकारही फोडले. त्यानंतर आलेल्या मिकीची मालकी वॉल्टने स्वतःकडेच ठेवली. पुढची सगळी कमाई त्या एका निर्णयावर उभी आहे.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो मल्टिप्लेन कॅमेऱ्याला, म्हणजे चित्राचे अनेक थर एकत्र टिपणाऱ्या ॲनिमेशन कॅमेऱ्याला. साध्या कॅमेऱ्यात सगळं चित्र एकाच पातळीवर असतं. त्यामुळे कॅमेरा जवळ नेला की झाडांबरोबर आकाशातला चंद्रही मोठा होतो आणि जवळ-लांबचा भास मोडतो. मल्टिप्लेनमध्ये काचांवर रंगवलेले थर एकाखाली एक बसवलेले असतात आणि कॅमेरा वरून खाली बघतो. जवळचा थर भराभर सरकवायचा, लांबचा हळू, चंद्राचा जवळपास जागेवरच. प्रत्येक थराचा प्रकाश वेगळा सांभाळायचा, प्रत्येक फ्रेमला मोजून सरकवायचं, त्यासाठी एका वेळी अनेक माणसं लागायची. म्हणून ही पद्धत महाग होती आणि निवडक दृश्यांपुरतीच वापरली जायची. हे तत्त्व समजून घेतलं, की आजच्या सॉफ्टवेअरमधल्या लेयरमागची कल्पना आपोआप उलगडते. ॲनिमेशन शिकणाऱ्याने एवढ्यासाठी तरी यावंच.

‘स्नो व्हाइट’ या ॲनिमेशनपटाचा खर्च सुमारे १५ लाख डॉलरवर गेला. पैसे संपल्यावर बँक ऑफ अमेरिकेच्या अधिकाऱ्याला अर्धवट चित्रपट दाखवून कर्ज मिळवावं लागलं. ही बँक मूळची याच शहरातली, म्हणून ही हकीकत इथे वाचताना जास्त भिडते.

आमची तक्रार एकच. १९४१ चा डिस्ने स्टुडिओतल्या चित्रकारांचा संप इथे आहे, पण त्याला आणखी जागा मिळायला हवी होती. पगारातली तफावत आणि चित्रपटांवर नाव न येणं हे कामगारांचे प्रश्न खरे होते. कुटुंबाने उभारलेल्या म्युझियमचा कल वॉल्टकडे असणार हे समजूनच हा भाग वाचावा.

मुलांना आवडतं ते शेवटाकडचं डिस्नेलँडचं मोठं मॉडेल. ते कुठल्याही एका वर्षातल्या पार्कचं नाही. वॉल्टच्या १९६६ मधल्या मृत्यूनंतर उभ्या राहिलेल्या गोष्टीही त्यात आहेत. जुन्या फोटोंशी ताडून पाहाल तर गोंधळ होईल. लिली बेल हे वॉल्टच्या घरच्या अंगणातल्या छोट्या रेल्वेचं इंजिन आहे, तेही चुकवू नका.