वॉकर बूट घ्यावा का? घोटा मोडून घेतलेल्या एका ट्रेकवेडीचा रिव्ह्यू

५ पैकी साडेतीन स्टार. उरलेला दीड कुठे कापला ते पुढे येईलच.

वस्तू म्हणजे तो राखाडी-काळा, गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येणारा बूट, दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या पट्ट्या, पुढे पाच वेल्क्रो आणि आत हवा भरायला छोटासा पंप, ज्याला डॉक्टर वॉकर बूट म्हणतात, दुकानदार एअर बूट म्हणतात आणि आमच्या सोसायटीतली पोरं रोबोट म्हणतात. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण दुकानात चार वेगवेगळे बघितले आणि चारही जवळपास सारखेच होते, आणि खरं सांगायचं तर मला जे त्रास झाले त्यातले अर्धे बुटाचे नि अर्धे माझे स्वतःचे होते.

आधी पाय कसा मोडला ते. ७ जुलै २०२४, रविवार. आतकरवाडीतून सिंहगड, आमचा दर रविवारचा, पाऊस असो नसो साडेपाचला गाडी काढायची, वर जाऊन ताक प्यायचं आणि नऊ-साडेनऊला घरी. उतरताना ओल्या दगडावर डावा पाय आत वळला आणि वरून सगळं वजन आलं. कट् असा आवाज मला ऐकू आला, मैत्रीण म्हणते भास झाला तुला. वाटेतल्या ताकवाल्या मावशींनी बसवलं, त्यांच्याकडच्या गार बाटल्या घोट्याला लावल्या, वर बाटल्यांचे पैसे पण घेईनात. मी उठले, चार पावलं टाकून बघितली, म्हटलं चालता येतंय म्हणजे मुरगळलाय फक्त, आणि तशीच वीस-पंचवीस मिनिटं खाली उतरले. सगळ्यात मोठा गाढवपणा हाच. डॉक्टरांनी नंतर समजावलं, ऑटावा रूल्स म्हणून एक साधी तपासणी असते त्यात चार पावलं टाकता येणं ही एकच गोष्ट नसते, घोट्याच्या हाडाच्या टोकाला किंवा तिथून वर ६ सेंटिमीटरपर्यंत मागच्या कडेला बोटाने दाबल्यावर दुखलं तरी एक्सरे काढायचा असतो. माझं तिथे नुसतं बोट टेकवलं तरी डोळ्यात पाणी येत होतं.

एक्सरेत फिब्युला, म्हणजे बाहेरच्या घोट्याचं हाड, सांध्याच्या पातळीवर तिरकं मोडलेलं. वेबर बी म्हणतात ह्याला. नशीब एवढंच की आतल्या बाजूचं लिगामेंट शाबूत होतं आणि हाड सरकलं नव्हतं, त्यामुळे प्लेट-स्क्रू वाचले. दहा दिवस स्लॅब, म्हणजे एकाच बाजूने घालून वर पट्टी गुंडाळलेलं अर्धं प्लास्टर, पाय उशीवर, सूज उतरायची वाट बघणं. मग पुन्हा एक्सरे, आणि मग डॉक्टर म्हणाले की आता फुल प्लास्टर घालू शकतो किंवा वॉकर बूट, तुमच्या केसमध्ये दोन्ही चालेल. जुलैतलं पुणं, कपडे चार चार दिवस वाळत नाहीत, त्यात प्लास्टरवर पिशवी बांधून आंघोळ करायची आणि आत खाज सुटली की पट्टी नाहीतर विणायची सुई शोधायची (हे करू नका हं, आत जखम झाली तर दिसणारही नाही). मी बूट म्हटलं.

आता दुकान. सर्जिकलवाल्याने माझ्या चपलेचा नंबर विचारला, बॉक्सवरचा तक्ता बघितला आणि एम साइज दिली, म्हटलं काका पाय अजून सुजलेला आहे, तर म्हणे बसतोय की ताई, सैल करून घाला. ३२०० रुपये. घरी येऊन दोन तास घातला तर बोटं पुढच्या कडेला टेकायला लागली आणि करंगळी बधिर. दुसऱ्या दिवशी नवरा बदलून आणायला गेला तर हायजीन आयटम आहे, परत होत नाही. बरीच हुज्जत घालून एल मिळाली पण ३०० रुपये कापून घेतले, सॅनिटायझेशन चार्ज. पुण्यातलं दुकान आहे त्यामुळे आश्चर्य असं काही नाही, पण अर्धा स्टार तिथे गेला. तुम्ही घ्यायला जाल तेव्हा संध्याकाळी जा, दिवसभरात सूज वाढलेली असते, मोजा घालून उभं राहून बघा, बोटं बुटाच्या पुढच्या कडेच्या आत मोकळी राहिली पाहिजेत आणि टाच मागे नीट टेकलेली.

घालायची पद्धत पण कुणी सांगत नाही. आधी टाच मागे, मग आतलं स्पंजचं लायनर गुंडाळायचं, मग वेल्क्रो खालून वर लावत यायचं आणि पंप सगळ्यात शेवटी. मी पहिल्या दिवशी पंप दाबतच सुटले, जास्त हवा म्हणजे जास्त सेफ असं वाटलं, अर्ध्या तासात तळपायाला मुंग्या. नुसता घट्ट वाटेल इतपतच भरायचा.

दुसरा अर्धा स्टार तळव्याच्या जाडीचा. ह्या बुटाचा तळवा होडीसारखा गोल असतो, म्हणजे घोटा न वाकवता पाय पुढे लोटला जातो, आयडिया भारी आहे. पण त्यामुळे तो पाय चांगला दीड इंच उंच होतो. घरात दुसरा पाय अनवाणी, कारण घरात चपला घालायची आपल्याकडे पद्धत नाही. चौथ्या दिवशी उजवी कंबर आणि त्याच बाजूचा खुबा असा धरला की मोडलेला पाय बरा वाटायला लागला. फिजिओने एका नजरेत ओळखलं, म्हणाली ताई दुसऱ्या पायाची उंची जुळवा. बाहेर खास लेव्हलर मिळतो चपलेखाली बांधायचा, मी माझा जुना ट्रेकिंग शूज धुऊन आत दोन इनसोल घातले आणि घरातच वापरला. सासूबाईंना स्वयंपाकघरात बूट बघून कसंतरी झालं पण बोलल्या नाहीत काही. दोन दिवसांत कंबर गप्प.

बूट म्हणजे कुबड्या सुटल्या असं समजू नका. पहिले दोन आठवडे दोन्ही कुबड्या, मग एक, आणि ती एक दुखऱ्या पायाच्या बाजूला नाही तर विरुद्ध हातात धरायची, हे मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं. विकत घेऊ नका. रुग्णोपयोगी साहित्य देणाऱ्या संस्था, काही गणपती मंडळं सुद्धा, डिपॉझिट घेऊन कुबड्या, वॉकर, कमोड खुर्ची वापरायला देतात, मला जवळच्या मंडळातून मिळाल्या आणि परत केल्यावर पूर्ण डिपॉझिट परत. फक्त घेताना खालची रबरी बुचं उलटी करून बघा, झिजून गुळगुळीत झाली असतील तर नवीन टाका, स्वस्तातली गोष्ट आहे पण ओल्या फरशीवर तुमचा दुसरा पाय वाचवते. आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. जिन्याचा नियम मी भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवला होता, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पहिले आठ दिवस तर सरळ बसून बसून, एक एक पायरी घसरत. लाज वगैरे काय, पायरीवरच.

आता मुख्य मुद्दा. ह्या बुटाचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे तो निघतो. आंघोळ करता येते, त्वचा बघता येते, व्यायाम करता येतो. आणि सगळ्यात मोठा धोका पण तोच, की तो निघतो. चौथा आठवडा, दुखणं जवळपास शून्य, सकाळी बूट काढून खाटेवर बसले होते, गॅसवर दूध. ते वर यायला लागलेलं दिसलं आणि मी उठून धावले. धावले म्हणजे तीनच पावलं. तिसऱ्या पावलाला अशी कळ गेली की ओटा धरून उभी राहिले आणि दूध माझ्या डोळ्यांसमोर उतू गेलं. परत एक्सरे, हाड जागेवर होतं, पण डॉक्टरांनी जे ऐकवलं ते ऐकवलंच. दुखत नाही म्हणजे जुळलंय असं नसतं. दोन-तीन आठवड्यांत मोडलेल्या जागी मऊ जोड तयार होतो आणि तेवढ्याने दुखणं कमी होतं, पण तो कडक व्हायला पुढचे आठवडे जातात, आणि मूळ आकारात घडायला कित्येक महिने. आपल्यासारखे लोक, ज्यांना बसवत नाही, त्यांच्यासाठी प्लास्टर बरं की बूट हे मी आता खरंच सांगू शकत नाही. स्वतःला ओळखून ठरवा. माझ्या नवऱ्याला विचाराल तर तो म्हणेल हिला प्लास्टरच घालायला हवं होतं, वरून कुलूप.

आणि लायनर. स्पंजचं आहे, घाम पितं, पावसाळ्यात धुतलं की दोन दिवस वाळत नाही आणि तोवर पाय कशात घालणार. वास असा की मांजर पण लांबून वळसा घालून जायचं. सुटं जास्तीचं लायनर मिळतं का ते घेतानाच विचारा, मी विचारलं नाही, शेवटचा अर्धा स्टार तिथे. वेल्क्रोचे काटे ओढणीला, पांघरुणाला, सासूबाईंच्या लुगड्यापासून शिवलेल्या गोधडीला सगळीकडे अडकतात हे वेगळं.

बुटामुळे पाय बरा होत नाही, तो फक्त सांभाळला जातो, बाकी काम फिजिओचं. बूट सुरू झाल्यापासूनच दिवसातून तीनदा काढून पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरं काढायला सांगितली होती. तिने ए बी सी डी म्हटलं होतं, मी बाराखडी काढली. क, ख, ग ठीक, ळ ला घोटा पूर्ण फिरतो, आणि क्ष काढताना तर पहिले पंधरा दिवस आईशप्पथ घाम फुटायचा. २० ऑगस्टला बूट सुटला तेव्हा डावी पोटरी बघून रडायला आलं, टेपने मोजली तर उजवीपेक्षा तीन सेंटिमीटर बारीक. मग भिंतीची टेस्ट, म्हणजे टाच जमिनीवर टेकलेली ठेवून गुडघा भिंतीला लावायचा आणि अंगठा भिंतीपासून किती लांब नेता येतो ते पट्टीने मोजायचं. उजवा ११ सेंटिमीटर, डावा ३. हा आकडा छोटा वाटतो पण उकिडवं बसणं, जिना उतरणं, गडावरून उतरणं सगळं ह्याच्यावर अडतं. ७ सप्टेंबरला गणपती बसले, बरोबर दोन महिने झाले होते, मी सगळ्या आरत्या उभ्याने म्हटल्या आणि मोदक करायला स्टुलावर बसले. सासूबाईंचे डिंकाचे आणि अळिवाचे लाडू ह्या काळात रोज दोन, हाडाला काय मिळालं ते हाडालाच माहीत, मला चार किलो मिळाले.

पुढचं थोडक्यात. थेराबँड म्हणजे व्यायामाची ताणायची रबरी पट्टी, एका पायावर उभं राहून दात घासणं, दोन्ही टाचा उचलणं, मग एकच टाच. फिजिओची अट होती, डाव्या एकट्या पायावर २० वेळा टाच उचलता आली आणि भिंतीचा आकडा उजव्याच्या दोन सेंटिमीटरच्या आत आला की मगच गड. नोव्हेंबरअखेर जमलं. डिसेंबरात आतकरवाडीतून चढले, दर रविवारच्या दीडपट वेळ लागला, आणि उतरताना निमूटपणे जीपने आले, कारण उतरताना घोट्यावर जो भार येतो तो चढताना येत नाही. ताकवाल्या मावशींना पैसे द्यायचे होते त्या बाटल्यांचे, त्या म्हणाल्या आधी पाय दाखव.

तर बूट सध्या माळ्यावर आहे. एल साइज, डाव्या-उजव्या दोन्ही पायांना चालतो, लायनर दोनदा गरम पाण्यातून काढून उन्हात चांगलं वाळवलंय, पंपाचं बटण जरा अडकतं, अंगठ्याने तिरकं दाबायचं. डॉक्टरांनी सांगितलं असेल आणि सिंहगड रोडच्या आसपास कुणाला हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, फुकट देते, फक्त दूध गॅसवर ठेवून काढू नका.