फ्लॅशचं जुनं पुस्तक घेऊन आजचं ॲनिमेट शिकताना

हलती चित्रं (ॲनिमेशन) बनवण्याच्या फ्लॅश या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांची, म्हणजे फ्लॅश ८ किंवा फ्लॅश सीएस३ची, जाडजूड पुस्तकं जुन्या पुस्तकांच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळून जातात. ब्राउझरमध्ये फ्लॅशच्या फाइल चालवणारा फ्लॅश प्लेयर ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाला, त्यामुळे ती रद्दीचीच असं वाटणं साहजिक आहे. पण २०१६ साली अडोबीने फ्लॅश प्रोफेशनलचं नाव बदलून ॲनिमेट केलं, तेव्हा आतलं चित्रकलेचं आणि टाइमलाइनचं (एकामागून एक फ्रेम्स मांडायच्या पट्टीचं) यंत्र तेच राहिलं. म्हणून अशा पुस्तकाचा पहिला अर्धा भाग अजूनही पैसे वसूल करून देतो. दुसरा अर्धा मात्र जसाच्या तसा केला तर वाट चुकवतो.

सुरुवातीला वर्कस्पेसच्या (पडद्यावरच्या मांडणीच्या) यादीतून ‘क्लासिक’ निवडा. टाइमलाइन वर जाते आणि पुस्तकातल्या चित्रांशी पडदा बऱ्यापैकी जुळतो. मग डॉक्युमेंटचा वेग बघा. सीएस३पर्यंत नवी फाइल सेकंदाला १२ फ्रेम्सची असे, सीएस४पासून २४ धरल्या जाऊ लागल्या. ‘१५व्या फ्रेमवर कीफ्रेम (जिथे चित्रात बदल होतो ती फ्रेम) घाला’ असं पुस्तक सांगतं आणि चेंडू दुप्पट वेगाने निघून जातो, त्याचं कारण हे. सरावापुरता वेग १२ ठेवा.

एफ५ने फ्रेम, एफ६ने कीफ्रेम, एफ७ने रिकामी कीफ्रेम, एफ८ने सिम्बॉल (पुन्हा पुन्हा वापरता येणारं चित्र) ही बोटांची सवय आजही तशीच लागते. सिम्बॉलचं प्रकरण दोनदा वाचावं, कारण नव्या ऑनलाइन धड्यांत हा भाग घाईत उरकलेला असतो. ग्राफिक सिम्बॉल मुख्य टाइमलाइनला बांधलेलं असतं, मूव्ही क्लिप स्वतःच्या गतीने चालते. म्हणून ओठांच्या हालचालींना ग्राफिक आणि सतत फिरणाऱ्या चाकाला मूव्ही क्लिप. टाइमलाइनवर चालू फ्रेम दाखवणारी पट्टी सरकवली आणि चाक हललंच नाही, तर बिघाड समजू नका. कंट्रोल+एंटर दाबून चाचणी घ्या.

सगळ्यात मोठा घोटाळा ट्वीनचा, म्हणजे दोन कीफ्रेम्समधली हालचाल सॉफ्टवेअरकडून भरून घेण्याचा. सीएस३पर्यंतची पुस्तकं ज्याला ‘मोशन ट्वीन’ म्हणतात, ते आज मेनूत ‘क्लासिक ट्वीन’ या नावाने आहे. २००८च्या सीएस४मध्ये वेगळ्याच पद्धतीचं नवं ट्वीन आलं आणि मोशन ट्वीन हे नाव त्याला गेलं. पुस्तक वाचून तुम्ही क्रिएट मोशन ट्वीन निवडलंत, की पुढच्या पायऱ्या जुळत नाहीत आणि शिकणारा इथेच सोडून देतो. पुस्तकात त्या शब्दावर पेन्सिलीने ‘क्लासिक’ लिहून टाका. क्लासिक ट्वीनला एका लेयरवर (चित्राच्या एका थरावर) एकच सिम्बॉल हवं. बाणाऐवजी तुटक रेघ दिसली, तर शेवटची कीफ्रेम नाही किंवा त्याच लेयरवर आणखी काहीतरी पडलंय. एका आकाराचा दुसरा आकार करणाऱ्या शेप ट्वीनचं उलट: त्याला सिम्बॉल न केलेला कच्चा आकारच लागतो, सिम्बॉल किंवा मजकूर असेल तर आधी कंट्रोल+बी दाबून फोडावा लागतो. आकार मधेच चुरगळत असेल तर कंट्रोल+शिफ्ट+एचने शेप हिंट (कुठला बिंदू कुठे जायचा हे सांगणारी खूण) लावा. पहिल्या कीफ्रेमवर ती पिवळी आणि शेवटच्या कीफ्रेमवर हिरवी झाली की नीट बसली. लाल राहिली तर कडेवर नाही.

कोडच्या प्रकरणांबद्दल माझं मत कडक आहे. फ्लॅश ८च्या पुस्तकात बटणावरच कोड लिहायला सांगतात. ॲनिमेटमध्ये बटण निवडून ॲक्शन्स (कोड लिहायची खिडकी) उघडलं, तर या निवडीवर कोड लावता येत नाही असा संदेश येतो. कोड फ्रेमवरच लिहायचा आणि बटणाला प्रॉपर्टीजमध्ये इन्स्टन्सचं, म्हणजे पडद्यावर ठेवलेल्या त्या प्रतीचं, नाव द्यायचं. लायब्ररीतलं नाव इथे उपयोगाचं नाही. वेबसाठी आता एचटीएमएल५ कॅनव्हास डॉक्युमेंट घ्यायचं, त्यात जावास्क्रिप्ट आणि क्रिएटजेएस (जावास्क्रिप्टची तयार कोड-लायब्ररी) चालतं. फाइल मेनूतल्या कन्व्हर्ट टूने जुनी ॲक्शनस्क्रिप्ट ३ची (फ्लॅशच्या स्वतःच्या कोडभाषेची) फाइल बदलली तर चित्रं येतात, कोड मात्र टिप्पणी होऊन निष्क्रिय पडतो. शिवाय ॲक्शनस्क्रिप्टमध्ये पहिली फ्रेम १ असते, क्रिएटजेएसमध्ये ०. ‘गो टू अँड स्टॉप’ एक फ्रेम पुढेच थांबतं ते यामुळे. आकड्याऐवजी फ्रेमला लेबल द्या, हा प्रश्नच उरत नाही.

मराठी मजकुरासाठी पुस्तकातल्या युक्त्या सोडून द्या. कॅनव्हासमध्ये डायनॅमिक टेक्स्ट (चालताना बदलू शकणारा मजकूर) ब्राउझर स्वतः काढतो, तेव्हा युनिकोड देवनागरी वेब फाँट जोडला की जोडाक्षरं ब्राउझरच सांभाळतो. न बदलणारं शीर्षक असेल तर स्टॅटिक ठेवा, ते आकार म्हणूनच जातं.

निवड असेल तर सीएस४ किंवा नंतरचं पुस्तक घ्यावं, त्यात दोन्ही ट्वीन वेगवेगळी समजावलेली असतात. पब्लिशचं (तयार फाइल बाहेर काढण्याचं) प्रकरण मात्र कुठल्याही वर्षाचं असो, वगळा. फ्लॅश प्लेयरसाठीच्या एसडब्ल्यूएफ फाइलऐवजी आता एचटीएमएल, जेएस आणि चित्रांचा फोल्डर असा संच निघतो, तो अख्खा सर्व्हरवर चढवायचा. पब्लिश सेटिंग्जमध्ये होस्टेड लायब्ररीजची खूण असेल तर क्रिएटजेएस इंटरनेटवरून येतं. शाळेच्या इंटरनेट नसलेल्या संगणकावर दाखवायचं असेल तर ती खूण आधी काढा, नाहीतर पडदा पांढराच राहील.