केट बुश यांचा सात सीडींचा संच : गाण्याचा शेवटचा निर्णय कोणाचा?

इंग्लंडच्या गायिका, गीतकार आणि संगीतकार केट बुश यांचे १९७८ ते १९९३ या काळातले सात अल्बम 'रीमास्टर्ड, पार्ट वन' (म्हणजे मूळ मुद्रणाचा ध्वनी नव्याने सुधारून केलेल्या आवृत्तीचा पहिला भाग) या नावाने सात सीडींच्या एका संचात नोव्हेंबर २०१८ मध्ये पुन्हा प्रकाशित झाले. यातली बरीच गाणी मी पूर्वी सुटी सुटी, मिळतील तशी ऐकली होती. संच हाती आल्यावर मात्र रोज एक याप्रमाणे सातही तबकड्या कालक्रमाने ऐकल्या आणि एक गोष्ट प्रथमच स्पष्ट झाली. शब्द आणि चाल पहिल्या दिवसापासून त्यांच्याच होत्या. पण गाणे अखेर कसे वाजावे हा निर्णय त्यांनी एकेका अल्बमगणिक आपल्या हाती घेतला, आणि तो हाती येत गेला तसतसे त्यांचे शब्द आणि चालीही बदलत गेल्या. ही वाटचाल इतक्या सलगपणे ऐकू येते म्हणून हा संच मला मोलाचा वाटतो.

आपल्याकडे 'निर्माता' म्हटले की पैसा घालणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. पाश्चात्त्य ध्वनिमुद्रिकांच्या जगातला 'प्रोड्यूसर' वेगळा असतो. कोणते वाद्य घ्यायचे, अनेकदा गाऊन-वाजवून मुद्रित केलेल्यांपैकी कोणता टेक ठेवायचा, आवाज किती पुढे आणि ड्रम किती मागे ठेवायचे, हे तो ठरवतो. म्हणजे आपल्या संगीत संयोजकाच्या आणि ध्वनिमुद्रकाच्या कामाचा मोठा भाग, आणि संगीतकाराच्या अधिकाराचाही थोडा अंश, त्याच्याकडे असतो. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये या खुर्चीवर जवळजवळ सगळे पुरुषच बसत. आपल्याकडेही चित्र फार निराळे नव्हते. लता मंगेशकरांनी १९६० च्या दशकात मराठी चित्रपटांना संगीत दिले ते 'आनंदघन' या नावाने, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही.

पहिली तबकडी 'द किक इनसाइड'. त्यातली दोन गाणी १९७५ सालची आहेत. त्या वेळी केट बुश सोळा वर्षांच्या होत्या आणि त्या ध्वनिमुद्रणाचा खर्च पिंक फ्लॉइडचे गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांनी उचलला होता. अल्बम प्रकाशित झाला फेब्रुवारी १९७८ मध्ये, आणि त्याचे प्रोड्यूसर होते अँड्र्यू पॉवेल. सुरुवात कोणत्या गाण्याने करायची यावर ध्वनिमुद्रिका कंपनीचे मत वेगळे होते. या एकोणीस वर्षांच्या मुलीने 'वदरिंग हाइट्स'चाच आग्रह धरला. एमिली ब्राँटे यांच्या कादंबरीतली मृत कॅथरीन खिडकीशी येऊन आत घेण्याची विनवणी करते, असे हे गाणे. ते चार आठवडे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर राहिले, आणि स्वतः लिहिलेल्या गाण्याने तिथे पोहोचलेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. आज ऐकताना आवाज आणि कल्पना अजूनही थक्क करतात. साथसंगत मात्र सफाईदार असूनही सभ्य वाटते, जणू भुताला बैठकीच्या खोलीत बसवले आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधला 'लायनहार्ट' घाईत झाला आणि तसाच वाटतो. या दुसऱ्या तबकडीकडे मी फारशी वळणार नाही.

तिसऱ्या तबकडीपासून, म्हणजे १९८० च्या 'नेव्हर फॉर एव्हर'पासून, कान टवकारतात. इथे जॉन केली यांच्या जोडीने त्या स्वतः प्रोड्यूसर झाल्या. हा अल्बम ब्रिटनच्या यादीत पहिला आला. एकल गाणाऱ्या ब्रिटिश स्त्रीच्या अल्बमला हे स्थान पूर्वी मिळाले नव्हते. परंतु मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते 'फेअरलाइट' हे यंत्र. गायक पीटर गॅब्रिएल यांच्यासोबत काम करताना त्यांना त्याची ओळख झाली. सिडनीत तयार झालेल्या या यंत्रात कोणताही खरा आवाज साठवून तो कळफलकावर हव्या त्या स्वरात वाजवता येई. पियानोवर गाणी रचणाऱ्या व्यक्तीच्या बोटांखाली अचानक सगळे जग आले. 'बबूश्का'मध्ये फुटणाऱ्या काचा आहेत. 'आर्मी ड्रीमर्स' हे सैनिक मुलाला गमावलेल्या आईचे गाणे वॉल्ट्झ या तीन मात्रांच्या नृत्यप्रकाराच्या संथ लयीत झुलते आणि त्या लयीत रायफलचा खटका पडत राहतो. आई मुलाच्या न घडलेल्या आयुष्याविषयी बोलत असते, आणि ज्या गोष्टीचे नाव तिला घेववत नाही ती तालात वाजत असते. जे एरवी कडव्यात सांगावे लागले असते ते इथे एका आवाजाने सांगितले आहे.

'द ड्रीमिंग' (१९८२) हा सर्वस्वी त्यांनी एकटीने घडवलेला पहिला अल्बम. तो तिसऱ्या क्रमांकापर्यंतच गेला, आधीच्या अल्बमइतका खपला नाही, आणि पहिल्या ऐकण्यात तो अंगावर येतो हे मान्य केले पाहिजे. एका गाण्यात व्हिएतनामी सैनिक जंगलात दबा धरून बसला आहे; दुसऱ्यात जादूगार हुदिनीची पत्नी बोलते; तिसऱ्यात एका घराने दारे लावून घेतली आहेत आणि शेवटी गाढवाच्या ओरडण्यासारखे आवाज येऊ लागतात. पहिल्या अल्बममधला तो उंच, निर्मळ सूर इथे मुद्दाम खरवडला आहे. दुसरा प्रोड्यूसर असता तर त्याने निम्म्या गोष्टी काढून टाकल्या असत्या, आणि काही ठिकाणी ते बरेही झाले असते. तरीही 'नाइट ऑफ द स्वॉलो'मध्ये आयरिश वादकांचे पाइप आणि फिडल अचानक उघडतात तेव्हा या बाईंच्या कानात किती मोठा पट आधीपासून तयार होता ते कळते. त्यांची आई आयर्लंडची, आणि त्या मातीचे संगीत त्यांच्या घरातच होते. संचातली ही तबकडी मी सर्वांत जास्त वेळा ऐकली आहे, आणि ती आवडायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

पुढचा निर्णय मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. तासावर भाडे मोजून निरनिराळ्या स्टुडिओंत काम करण्याऐवजी त्यांनी आईवडिलांच्या ईस्ट विकहम फार्मवरच्या कोठारात स्वतःचा स्टुडिओ उभारला. घड्याळाचा धाक गेला. तिथे तयार झालेला 'हाउंड्स ऑफ लव्ह' सप्टेंबर १९८५ मध्ये आला आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेला. आधीच्या अल्बममधला सगळा हट्ट इथे आहे, पण आता त्याला श्वास घ्यायला जागा आहे. 'रनिंग अप दॅट हिल'चा पायाच पाहावा. त्यांचे सहकारी वादक डेल पामर यांनी ड्रम मशीनवर बांधलेला न थांबणारा ताल, त्यावर फेअरलाइटवर वाजवलेली चेलोसारखी धून, आणि मग स्त्री-पुरुषांनी जागा बदलून एकमेकांना समजून घेण्याची ती मागणी. गाण्याचे मूळ नाव 'अ डील विथ गॉड' असे होते. काही देशांत देवाच्या उल्लेखामुळे ते रेडिओवर लागणार नाही या कंपनीच्या भीतीपोटी त्यांनी ते बदलू दिले. ध्वनीच्या बाबतीत तडजोड न करणाऱ्या व्यक्तीने नावाच्या बाबतीत केलेली ही तडजोड. एका अमेरिकन मालिकेत वापरल्यामुळे हेच गाणे जून २०२२ मध्ये, म्हणजे ३७ वर्षांनी, ब्रिटनमध्ये पहिले आले. नव्या पिढीच्या कानांना ते जुने वाटले नाही, याचे श्रेय त्या ध्वनिरचनेलाही द्यावे लागेल.

याच अल्बमचा उत्तरार्ध म्हणजे 'द नाइन्थ वेव्ह' ही सात गाण्यांची सलग रचना. रात्री समुद्रात पडलेली एक स्त्री लाइफ जॅकेटच्या आधाराने तरंगते आहे आणि झोप तिला ओढते आहे. तिला जागे करू पाहणारे आवाज येतात, गोठलेल्या बर्फाखाली ती स्वतःलाच पाहते, घरी वाट पाहणाऱ्या माणसाजवळ जाऊन उभी राहते पण त्याला ती दिसत नाही. पुढच्या आयुष्यातली तीच, वयस्कर झालेली, येऊन तिला जगण्याची गळ घालते. 'हॅलो अर्थ'मध्ये मध्येच सगळे थांबते आणि पुरुषांचा एक समूह जॉर्जिया या देशाचे लोकगीत गातो. शब्द कळत नाहीत, पण समुद्राची खोली कळते.

नंतरच्या दोन तबकड्यांविषयी थोडक्यात. 'द सेन्शुअल वर्ल्ड' (१९८९) मध्ये बल्गेरियाच्या तीन गायिकांचा, 'ट्रिओ बुल्गार्का'चा, धारदार मेळ तीन गाण्यांत आहे, आणि 'धिस वुमन्स वर्क' हे जवळजवळ केवळ पियानोवर उभे असलेले गाणे आहे. इतकी साधने हाताशी असताना ती बाजूला ठेवणे हाही प्रोड्यूसरचाच निर्णय. 'द रेड शूज' (१९९३) मध्ये प्रिन्स आणि एरिक क्लॅप्टन यांच्यासारखी मंडळी आहेत, पण ध्वनी कोरडा आणि गर्दीचा वाटतो. खुद्द केट बुश यांनीही २०११ मध्ये या दोन अल्बममधली निवडक गाणी पुन्हा नव्याने घडवली.

या आवृत्तीचे रीमास्टरिंग केट बुश यांनी ध्वनितंत्रज्ञ जेम्स गथ्री यांच्यासमवेत केले आहे. आवाज सरसकट मोठा करण्याचा मोह टाळला आहे. हळू जागा हळूच राहिल्या आहेत आणि 'द ड्रीमिंग'मधले थर आता एकमेकांवर चढत नाहीत. अल्बमबाहेरची गाणी हवी असणाऱ्यांना याच मालिकेचा दुसरा संच पाहावा लागेल. ज्यांना संपूर्ण संच परवडत नाही त्यांनी पाचवी तबकडी आधी घ्यावी, मग चौथी. मात्र पाचवी ऐकताना एक काळजी जरूर घ्यावी. मूळ एलपीवर पूर्वार्धातले शेवटचे गाणे 'क्लाउडबस्टिंग' संपले की बाजू उलटावी लागे. सीडीवर पुढचे गाणे लगेच सुरू होते आणि ती मधली उसंत हरवते. मी तिथे सीडी थांबवते, दिवा मालवते, हेडफोन लावते, आणि मगच त्या समुद्रात उतरते.