सेंट बर्नार्ड की ग्रेट डेन: गोदाबरोबरचे १६ महिने

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. नाशिकमध्ये राहत असाल, दिवसरात्र एसी चालवायची तयारी नसेल आणि तरीही दांडगं कुत्रंच हवं असेल, तर ग्रेट डेन घ्या. आम्ही तेच केलं, गोदा आणली. फक्त सांभाळायला सोपं म्हणून घेऊ नका.

आमचं मखमलाबादला रो-हाउस. घरात मी, नवरा, पाचवीतली मुलगी आणि गुडघ्यांनी बेजार सासूबाई. मुलीला सेंट बर्नार्डच हवा होता, कारण इंदिरानगरला धाकट्या दिरांकडे भोला आहे. भोला म्हणजे साक्षात लोकरीची गादी. पोरांनी कान ओढले तरी डोळा उघडत नाही. माझाही जीव त्याच्यावरच होता.

मग मे महिन्यात एका रात्री साडेदहाला आम्ही सगळे त्याला फिरवायला निघालो. शंभरेक पावलांवर तो रस्त्यात बसला आणि मग आडवाच झाला. डांबर तेव्हाही गरम लागत होतं. जीभ बाहेर, धाप थांबेना. ६५ किलोचं धूड दोघा भावांना उचलवेना. शेवटी वॉचमनकडून बादल्या मागून पोटावर, पंजांवर पाणी ओतत राहिलो. वीस मिनिटांनी उठला. जाऊबाई म्हणाल्या, "वहिनी, हे आमचं दर उन्हाळ्याचं आहे." त्यांचं हॉलमधलं एसी मार्च ते जून बंद होत नाही.

यात भोलाचा काय दोष? ही जात आल्प्समधल्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतल्या मठात घडली, जवळजवळ २,४७० मीटर उंचीवर, बर्फात अडकलेल्यांना शोधायला. (गळ्यातलं ब्रँडीचं पिंप चित्रातलं, कामावरच्या कुत्र्यांच्या गळ्यात ते नसायचं.) तो दाट कोट घेऊन तो आमच्या चाळीस अंशांत काय करणार? पावसाळ्यात आणखी वेगळा ताप: केस आतून वाळत नाहीत, कातडीला चट्टे येतात आणि त्या जंगलात गोचीड सापडत नाही. गोदाच्या अंगावरची गोचीड मला दोन हात लांबून दिसते.

गोदा म्हणजे आमची डेन. नाव डेन असलं तरी जात जर्मनीची, रानडुकरांच्या शिकारीसाठी वाढवलेली. आली तेव्हा दोन महिन्यांची, ९ किलो. आज दीड वर्षाची, ५४ किलो. ब्रीडरने पिल्लाबरोबर कॅल्शियमची बाटली दिली होती, 'हाडं मजबूत होतील' म्हणून. आम्ही तीन आठवडे इमानेइतबारे पाजली. डॉक्टरांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. एवढ्या मोठ्या जातीच्या पिल्लाचं शरीर जादा कॅल्शियम थोपवू शकत नाही, उलट हाडं वेडीवाकडी वाढतात. मोठ्या जातीच्या पिल्लांचं खाणं द्यायचं, वरून काही नाही, आणि वाढ पुरी होईपर्यंत जिने चढवायचे नाहीत. आमच्या जिन्याला अजून लोखंडी फाटक आहे. मुलीची खोली वर, त्यामुळे रोज रात्री खालून रडगाणं.

सगळ्यात मोठी धास्ती पोटाची. खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट गॅसने फुगून पीळ पडतो, आणि मग काही तासांत खेळ खलास. ग्रेट डेन यात सगळ्यात पुढे. दुकानदाराने उंच स्टँडवरची भांडी गळ्यात मारली, 'पोटाला चांगली' म्हणून. डॉक्टरांनी ती काढायला लावली. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात उंच भांड्यांनी धोका वाढलेला दिसला होता. आता तीन वेळा थोडं थोडं खाणं, नंतर तासभर उड्या बंद. मागच्या महिन्यात नसबंदीच्या वेळीच पोट आतल्या भिंतीला शिवून घेतलं. त्याने पीळ पडणं टळतं, फुगणं नाही. म्हणजे धास्ती निम्मी झाली.

बाकी तक्रारी किरकोळ, पण रोजच्या. शेपूट बरोबर टीपॉयच्या उंचीला. कपांचा एक सेट गेला. आनंदाने भिंतीवर आपटून आपटून शेपटीचं टोक फुटलं, पांढऱ्या भिंतीवर रक्ताची रांगोळी, जखम भरायला पाच आठवडे. शहाबादी फरशीवर लोळून कोपरांना घट्टे पडले, म्हणून गादीवाल्याकडून रेक्झिनची गादी शिवून घेतली. केस आखूड, त्यामुळे डिसेंबरच्या थंडीत कुडकुडते. जुन्या घोंगडीची झूल केली, तर शेजारचे काका विचारतात, "पोळा आला का?"

लाळ? दोघांचीही. भोलाची जास्त, पण गोदाची छतापर्यंत गेलेली मी पाहिली आहे.

एका बाबतीत भोलाच सरस. डेनला माणसाच्या अंगावर रेलायची खोड असते. माया म्हणून ५४ किलो टेकले की सासूबाईंचा तोल जातो. एकदा त्या ओट्याला धरून वाचल्या. आता गोदा जवळ आली की त्या आधी खुर्चीत बसतात, मग लाड. घरात वयस्कर माणूस असेल तर हे हसण्यावारी नेऊ नका.

आणि नाशिककरांसाठी खास: आपली दोन्ही पिकं कुत्र्याला विष. द्राक्षं, बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात, कांदा रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. मागच्या फेब्रुवारीत दिंडोरीला मामांच्या बागेत गोदाने खाली पडलेले मणी चाटूनपुसून खाल्ले. मामा म्हणतात, "खाऊ दे गं, गोड आहेत." आम्ही तशीच गाडी फिरवली. डॉक्टरांनी उलटी करवली, दोन दिवस सलाईन, रक्ताच्या तपासण्या. वाचली. किती द्राक्षांनी अपाय होईल याचा नेम नसतो, म्हणून 'दोनच तर खाल्ली' हा हिशोब करू नका. आता बागेत तोंडाला जाळी बांधूनच नेतो, आणि भज्यांच्या दिवशी ती अंगणात.

खर्च: खाणं महिन्याला नऊ-दहा हजार. औषधं वेगळी, आणि सगळी वजनावर, म्हणजे शेजारच्या पगच्या सहापट.

डेन सरासरी सात ते दहा वर्षं जगते. मुलगी आत्ताच बोटं मोजते, "मी बारावीत असेन तेव्हा..." मी विषय बदलते. सेंट बर्नार्डचंही फार वेगळं नाही, तेव्हा निवड करताना हा मुद्दा बाजूला ठेवा.

सध्याची अडचण वेगळीच आहे. पुढच्या आठवड्यात येवल्याला लग्न आहे. तीन ठिकाणी विचारलं, वजन ऐकलं की 'जागा नाही' म्हणतात. दिरांकडे ठेवावी तर ते वऱ्हाडातच आहेत, आणि भोलाचाही तोच प्रश्न. त्यामुळे दोघांनाही घेऊन मी घरी थांबणार, असं दिसतंय.