११८ एनईचा अल्टरनेटर आणि गेलेले १५,५५० रुपये

आधी आकडा सांगतो. ९,५०० अधिक १,८५० अधिक ४,२००. एकूण १५,५५० रुपये, अकरा दिवसांत, कधीच न आलेल्या अल्टरनेटरसाठी (गाडी चालताना बॅटरी चार्ज करणारा पार्ट) मी स्वतःच्या हाताने पिन टाकून एका ठगाला दिले. घरी अजून फक्त ९,५०० च माहीत आहेत.

गाडी बाबांची, १९९४ ची प्रीमिअर ११८ एनई. ज्यांच्याकडे आहे त्यांना काय सांगायचं! बॉडी फियाट १२४ ची, इंजिन निसानचं, गाडी बनणं कधीच बंद. पावसाळ्यात सेल्फ मारला की नुसता कण्हायला लागला, रात्री हेडलाइट पिवळे पडायला लागले. बॅटरी चार महिन्यांची. आमच्या भागातल्या इलेक्ट्रिशियनने मीटरसुद्धा न लावता सांगितलं, "अल्टरनेटर गेला." त्याचा व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर बदलला, १,६०० घेतले, फरक शून्य. जो माणूस मीटर न लावता पार्ट बदलायला सांगतो, त्याच्याकडून गाडी तशीच परत आणा.

दोन शनिवार पार्टसाठी पुण्यातली नाना पेठ पालथी घातली, रविवारी जुना बाजार. एका दुकानदाराने सरळ सांगितलं होतं, "साहेब, नवीन शोधू नका, हाच रिवाइंड करून घ्या, आतली तार नव्याने गुंडाळून." ऐकायला हवं होतं. पण आईला आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला न्यायचं होतं, तिला रिक्षात चढता येत नाही, आणि रिवाइंडिंगसाठी गाडी किती दिवस अडकेल ते कोणी सांगेना. अशा वेळी फोनवर "ओरिजनल, न वापरलेला, एकच पीस" अशी जाहिरात दिसली. फोन केला तर शुद्ध मराठी. "दादा, चाकणला गोडाऊन आहे आपलं. आपल्याच माणसाला कोण फसवतं?"

आता तो क्षण. त्याने फोटो पाठवला. निळ्या ताडपत्रीवर अल्टरनेटर, आणि त्याची पुली सहा खाचांची, चपट्या पट्ट्याची. माझ्या गाडीला एका खाचेत बसणारा व्ही-बेल्ट आहे, म्हणजे हा पार्ट माझ्या गाडीचा नव्हेच. पंचवीस वर्षं तो पट्टा मी स्वतः ताणतोय, मला हे दिसलं नाही असं नाही. दिसलं. मी फोटो मोठा करून पाहिला आणि मनाशी म्हटलं, पुली काय, बदलता येते. पार्टचे ९,५०० पाठवताना नावही दुकानाचं नव्हतं, कुठल्यातरी बाईचं होतं. विचारलं तर "वहिनीचं खातं आहे." तेही गिळलं. झोप लागत नाही ती त्या पंधरा हजारांमुळे नाही, डोळ्यांसमोर पुली असताना मी पिन टाकला म्हणून लागत नाही.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. ट्रान्सपोर्टचे १,८५०, मग "परत मिळणारा" विमा ४,२००, मग फोन बंद. बिल्टीचा, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीचा, नुसता फोटो आला तर ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला स्वतः फोन करून नंबर तपासा. मी पैसे गेल्यावर तपासला. असा नंबरच नव्हता.

बँकेत गेलो. "पिन तुम्हीच टाकलात ना?" विषय संपला. चौकीत दीड तास बसवलं आणि म्हणाले, गोडाऊन चाकणचं म्हणता, आमच्या हद्दीत येत नाही. मी म्हटलं, मोबाइल माझा, पैसे माझ्या घरातून गेले, आणि नव्या कायद्याच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, तक्रार घ्यावी लागते. तर उत्तर, "तुम्ही वकील आहात का?" दुसऱ्या दिवशी दुसरे साहेब. त्यांना पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. "अहो, भंगाराच्या गाडीसाठी एवढे पैसे कशाला पाठवायचे?" बाबांची गाडी भंगार! साधा अर्ज घेतला, पोच तिसऱ्या खेपेला दिली. तीन अर्ध्या रजा त्यात गेल्या. चोराने माझा अपमान केला नव्हता, तो इथे झाला.

असं काही झालं तर पहिल्या तासातच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, आधी चौकी नको. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतात ते तेव्हाच. मी लाजेपोटी दोन दिवस घालवले.

आणि अल्टरनेटर? माझ्या गाडीतला चांगलाच होता. शेवटी नाना पेठेतल्या एका चाचांनी गाडी चालू ठेवून मीटर लावला. अल्टरनेटरवर १४.२ व्होल्ट, बॅटरीवर १२.५. मग मीटरचं एक टोक इंजिनच्या ब्लॉकला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, तर १.६ व्होल्ट. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. इंजिनकडून बॉडीला जाणारी, करंट बॅटरीकडे परत नेणारी अर्थिंगची पट्टी नटाखाली गंजून हिरवी झाली होती. सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम लागायची, करंट तिच्यातून वाट काढत होता. ते मला महिनाभर जाणवत होतं. पट्टी २२० रुपये, मजुरी १५०.

जुन्या पार्टसाठी पैसे मागितले तर व्हिडिओ कॉलवर पार्ट हातात धरून फिरवायला लावा, नंबराची पट्टी वाचायला लावा. टाळाटाळ केली की फोन ठेवा.

परवा तोच फोटो पुन्हा दिसला, नाव आणि नंबर नवे, किंमत ८,७५०. निळी ताडपत्री, डाव्या कोपऱ्यात फाटलेली, वर सहा खाचांची पुली. या वेळी खाली लिहिलंय, प्रीमिअर पद्मिनीलाही बसतो.