हवेचा कयाक: पवना लेकवर ऑक्टोबर ते मे वापरून

दोन सीटचा, पंपाने हवा भरायचा कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद होडी) गेल्या ऑक्टोबरला घेतला, आता जून लागला म्हणून धुऊन वाळवून माळ्यावर टाकलाय, तर लिहूनच टाकतो. विक्रेत्याच्या पेजवर "ऑल वेदर", म्हणजे कुठल्याही हवामानात चालणारा, असं लिहिलंय ते सोडा. पवनेवर तरी हा थंडीतल्या सकाळचा कयाक आहे, बस.

ऑक्टोबरात धरण भरलेलं असतं, काठाची झुडपं पाण्याखाली, त्यामुळे काट्याची धाकधूक, आणि दुपारी गडगडायला लागलं की मुकाट्याने बाहेर यायचं. खरी मजा नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नऊ-साडेनऊपर्यंत पाणी हलत पण नाही, धुकं उठलं की एकीकडे तुंग किल्ला, एकीकडे तिकोना किल्ला, आणि कयाक कसा छान सरळ जातो, नवख्या माणसालाही जमतं.

मार्चपासून सगळं वाऱ्यावर. घाटाची कड जवळ, कोकणातून चढून आलेलं पश्चिमेचं वारं दुपारी सुटतं आणि हे धूड हलकं, पाण्यात बसतच नाही, वल्हं मारेपर्यंत तोंड भलतीकडे. खालचा फिन (कयाक सरळ ठेवणारी, तळाला लावायची उभी पट्टी) न विसरता लावा, बराच फरक पडतो, पण तरी ताशी १५ किमीच्या वर वारं गेलं, लाटांवर पांढरा फेस दिसायला लागला की दोघांनी जोर लावूनही जागच्या जागी. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे दमल्यावर वारंच परत आणून सोडतं.

एप्रिल-मेमध्ये पाणी एवढं उतरतं की वाघेश्वराचं जुनं मंदिर उघडं पडतं. बघायला भारी, पण कयाक उतरवायला वैताग, गाळात पाय रुततो आणि दगड तळाला घासतात. उन्हात काठावर ठेवणार असाल तर थोडी हवा सोडा, तापून टम्म फुगतो. आणि वळवाच्या आधी जे वारं येतं ना, ते पावसापेक्षा डेंजर, पूर्वेला ढग काळे दिसले की निघा.

पावसाळ्यात विषयच नाही, दरवर्षी बुडाल्याच्या बातम्या वाचतोच आपण. लाइफ जॅकेट बाराही महिने, पोहता येत असलं तरी. पाण्यात उतरण्याआधी परवानगीचं काय ते पण विचारून घ्या, शेवटी धरण आहे ते.

मटेरियल दणकट, अजून पंक्चर नाही. सोबतचा पंप मात्र फालतू, दोन महिन्यांत नळी सुटली, विक्रेत्याने फोन उचलला नाही, वेगळा घ्यावा लागला. पाचपैकी साडेतीन.