अकरा महिने, चार कार्यशाळा आणि एक परत आलेलं चित्र

गेल्या जूनमध्ये बेळगावातल्या हौशी चित्रकारांच्या एका गटाचा वार्षिक सभासद झालो. इथल्याच शहापूर भागात माझं झेरॉक्सचं दुकान. कागदाशी रोजचाच संबंध, पण ७५ जीएसएमच्या, म्हणजे साध्या पातळ कागदाशी. वर्गणी भरताना बायको म्हणाली, "आता या वयात?" म्हटलं, चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या गावात राहून एवढं तरी नको? त्यांच्या 'चित्रमंदिर' या चित्रशाळेत रवी परांजपेंसारखे नामवंत चित्रकार शिकले, आणि आमची धाव शाळेतल्या चित्रकलेच्या परीक्षेपर्यंत.

आधी कार्यशाळा, कारण पैसे तिथेच वसूल झाले. पहिली जलरंगाची, ऐन जुलैत. आमच्याकडे जुलैत टॉवेल तीन दिवस वाळत नाही, तिथे वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, काय वाळणार? सरांनी सगळ्यांचे पातळ कागद बाजूला ठेवायला लावले आणि ३०० जीएसएमचा कॉटन कागद दिला. पातळ कागद भिजला की फुगतो, पाणी खळग्यात साचतं आणि कडेनं डाग उमटतात. शिवाय दमट हवेत पडून राहिलेल्या कागदाची खळ, म्हणजे पाणी अडवणारा लेप, जाते, मग रंग टिपकागदासारखा आत मुरतो. पावसाळ्यात दुकानातलं मशीन कागद का खातं हे मला पाठ आहे, खरं घरची चित्रं का मळकट होतात हे कधी डोक्यात आलं नाही. इतके दिवस दोष हाताला देत होतो.

दुसरी किल्ल्यात, कमल बस्तीत. १२०४ सालचं हे जैन मंदिर लहानपणापासून येता-जाता बघितलंय, पण छतातलं दगडी कमळ बघायला मान वर केली ती आत्ता. दोन तास फक्त सेपिया, म्हणजे तपकिरी रंग. उजेडापासून अंधारापर्यंत पाच पायऱ्या, दुसऱ्या रंगाला हात लावायचा नाही. मी चिडलो होतो. पण माझे खांब कागदावर पहिल्यांदा उभे राहिले ते त्याच दिवशी.

पोर्ट्रेटची यथातथाच. पंचवीस जण आणि मॉडेल एक. मागच्या रांगेतून मला मॉडेल म्हणून बसलेल्या आजोबांचा फक्त कान दिसला. कानाचा अभ्यास मात्र झकास झाला.

चौथी मातीकामाची, खानापूरला. तिथलं कुंभारकाम प्रसिद्धच. माती भरपूर मळायची, आत हवा आणि ओल राहिली तर भट्टीत तडकते. मुखवटा आतून कोरून अंगठ्याएवढ्या जाडीचा करायचा. माझा नाकापाशी जाड राहिला आणि तिथेच तडा गेला. एक मावशी म्हणाल्या, "अहो, नाकच तुमचं मोठं की!"

आता प्रदर्शन. माणशी दोन चित्रं, परीक्षक तीन. फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत. गोकाकच्या एका पोरानं शेजारी बसून भरून दिला, त्याच्या चित्राच्या मागची दोरी मी बांधली. नियम एवढे कडक की माऊंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, पांढराच हवा आणि काच स्वच्छ हवी. फ्रेमला गेलेले पैसे वर्गणीपेक्षा जास्त, हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

माझं कमल बस्तीचं चित्र लागलं. ज्याच्यावर जीव होता ते पावसातल्या खडेबाजाराचं परत आलं. कारण? काही नाही. चिठ्ठीवर फक्त 'निवड नाही'. माझी खरी तक्रार हीच. निवडू नका, पण दोन ओळी लिहा. लागलेल्या चित्रांपैकी निम्म्यांत तोच धुकट रस्ता, तोच छत्रीवाला. छत्री तर माझ्याही चित्रात होती, म्हणजे तेही कारण नसावं.

शेवटी चहाच्या वेळी एका परीक्षकांना गाठलंच. ते चित्र उजेडाकडे धरून म्हणाले, "छान आहे, खरं ओला रस्ता सगळीकडे एकाच काळ्यानं रंगवलाय. दुकानांचे रंग खाली उतरायला नकोत काय?" दोन मिनिटांत कळलं. चिठ्ठीवर लिहिलं असतं तर त्यांची शाई संपली नसती.

सभासदत्व नव्यानं भरलंय. ज्यांना शिकायचंय त्यांनी कार्यशाळांसाठी जरूर जावं. प्रदर्शनाला पहिल्या वर्षी नुसतं बघायला. मी मात्र फॉर्म भरणार आहे. परवा वळीव पडला, तेव्हा शटर अर्धं ओढून खडेबाजारात जाऊन रस्ता बघून आलो. साडीच्या दुकानापुढे तो चक्क जांभळा होता.